कुलेखाडा पावडर, १०० ग्रॅम: डबीवरचं लोह आणि माझं हिमोग्लोबिन

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. ३४९ रुपयांची ही डबी मी परत घेणार नाही. पाचपैकी दोन तारे, आणि त्यातला एक झाकणाचा आहे. झाकण खरंच घट्ट बसतं. दोन महिने मसाल्याच्या कपाटात होती, तरी हिंगाचा वास आत शिरला नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशाच डब्या विकणाऱ्या आणखी चार-पाच कंपन्या दिसल्या आणि सगळ्यांच्या लेबलवरचा मजकूर एकमेकींचा बघून लिहिल्यासारखा आहे. पण डबीत जी वनस्पती आहे, म्हणजे रक्त वाढावं म्हणून बंगालात खातात तो कुलेखाड्याचा पाला, तिला मी आनंदाने चार तारे देईन. तिच्यासाठीच एवढं लांबलचक लिहायला बसले आहे.

गेल्या सप्टेंबरात माझं हिमोग्लोबिन ९.२ आलं. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, वय सत्तेचाळीस. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर थांबून मोबाइल बघितल्यासारखं करायचं आणि दम खायचा, हे वर्षभर चाललं होतं. वर्गातल्या खडूचा वास आवडायला लागला तेव्हा मात्र मीच घाबरले. माती, खडू, बर्फ खावंसं वाटणं हे लोह कमी झाल्याचं जुनं लक्षण आहे, एवढं आईकडून ऐकून माहीत होतं.

ऑक्टोबरात पूजेच्या सुट्टीत कोलकात्याला दिराकडे गेलो. माझी धाकटी जाऊ, मौ, बर्धमानची. रिपोर्ट बघून तिने डोळे मोठे केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओढत गडियाहाटच्या बाजारात नेलं. तिथे पालेभाजीवाल्या माश्या (आपण मावशी म्हणतो, त्या माशी म्हणतात) ओळीने बसतात. त्यांच्यापुढे मेथी-पालक कमी आणि पाण्याकाठचा पाला जास्त. कलमी, हिंचे, सुषनी, थानकुनी, ब्राह्मी. एका माशीपुढे ओल्या गोणपाटावर लांबट, खरखरीत पानांच्या जुड्या होत्या. मौने बोट दाखवलं, ‘कुलेखाडा.’ माशी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘एटा खेले रोक्तो हॉय, दीदी.’ हे खाल्लं की रक्त होतं. जाहिरात म्हणावी तर याहून चांगली मी ऐकलेली नाही.

मी जुडी हातात घेतली आणि चटकन खाली टाकली, कारण पेराशी असलेला काटा बोटात गेला. तो काटा बोटात गेल्यावर झाड ओळखलं. लालसर, केसाळ, किंचित चौकोनी देठ. प्रत्येक पेराशी पानांचा झुबका आणि त्यात सरळसोट पिवळे काटे. हे माझ्या माहेरचं झाड! माझं माहेर भंडारा जिल्ह्यात, तलावांच्या मुलखात. धानाच्या बांध्यांच्या कडेला, बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) काठाला दिवाळीनंतर हे जांभळ्या फुलांनी भरून येतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि आम्हीही त्याच्याकडे काटं म्हणूनच बघायचो. मात्र त्याचं बी आई जपून ठेवायची, कारण ते बी म्हणजे तालीमखाना. बाळंतिणीच्या लाडवात घालायचा तोच. पुस्तकात त्याला कोळशिंदा, विखरा अशीही नावं आहेत. संस्कृतात कोकिलाक्ष, म्हणजे कोकिळेचा डोळा. शास्त्रीय नाव हायग्रोफिला ऑरिक्युलाटा. आपल्या अडुळशाच्या आणि कोरांटीच्या कुळातलं.

एकाच झाडाचं बी आम्ही खातो नि पाला फेकतो, आणि बंगाली लोक पाला खातात. त्या सकाळी गडियाहाटच्या फुटपाथवर मला याचं एवढं नवल वाटलं की पूजेचे मांडव बाजूला राहिले.

ताज्या पाल्याबद्दल आधी लिहिते, कारण डबी घेतली ती त्याच्या आठवणीने. मौची पद्धत अशी. कोवळे शेंडे तेवढे खुडायचे, काटे असलेली पेरं टाकून द्यायची. तीनदा पाणी बदलून धुवायचं. पहिलं पाणी चहासारखं गढूळ निघतं, त्यात बारीक गोगलगायी निघाल्या, एक मी स्वतः बघितली. मग मूठभर पाला दोन वाट्या पाण्यात झाकण ठेवून दहा मिनिटं उकळायचा, गाळायचा, कोमट झाला की वर गंधराज लिंबू पिळायचं. रंग शेवाळलेल्या हौदाचा. चव मात्र अगदी मवाळ, थोडी खारट, थोडी गवताळ, जिभेला किंचित बुळबुळीत. कारल्याच्या रसाची तयारी ठेवून बसलेल्या मला ते पन्ह्यासारखं गेलं.

कच्चा रस काढून पिणारेही तिथे आहेत. मौ देत नाही आणि माझ्या मते तिचं बरोबर आहे. पाण्यातल्या वनस्पतींवर आतड्यात राहणाऱ्या मोठ्या चपट्या कृमींची पिल्लं चिकटलेली असू शकतात. तळ्यातले कच्चे शिंगाडे दाताने सोलणाऱ्यांना त्या कृमी होतात त्या तशाच. उकळल्यावर ती भीती जाते. उकळताना क जीवनसत्त्व उडतं म्हणाल, तर ते लिंबाने परत येतं, आणि पाल्यातलं लोह अंगी लागायला तेच हवं असतं.

बारा दिवस रोज सकाळी अनशापोटी घेतलं. बरं वाटलं का? हो. पण बारा दिवस मी जिनेही चढले नाहीत, स्वयंपाकही केला नाही आणि रोज मासे खाल्ले. त्यामुळे श्रेय कोणाचं ते सांगत नाही.

पुण्यात परत आल्यावर पाला कुठून आणणार? मग ही पावडर मागवली. दोन दिवसांत आली, पॅकिंग उत्तम, आत छोटा लाकडी चमचासुद्धा. लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट्सचं भांडार’ (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना आवरणारी संयुगं म्हणजे अँटिऑक्सिडंट्स) आणि त्याखाली एका ओळीत लोह, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक. पाच खनिजं आणि एकाचाही आकडा नाही. उलट बाजूला पोषणाचा तक्ता आहे, त्यात उष्मांक, कर्बोदकं, प्रथिनं आकड्यांत, आणि लोहापुढे लिहिलंय, ‘भरपूर’. मिलिग्रॅम हे एकक मी ओळखते, भरपूर हे एकक आमच्या प्रयोगशाळेत नाही.

घ्यायचं कसं, तर एक चमचा ग्रीन टीमध्ये किंवा दुधात. ‘अँटिऑक्सिडंटचा डबल डोस’ असंही वर छापलंय. याच वाक्यासाठी मी अर्धा तारा कापलाय. का ते सांगते.

आमच्याकडे दर वर्षी एमएस्सीची मुलं प्रकल्पासाठी कुठली ना कुठली वनस्पती घेऊन येतात. तिची अँटिऑक्सिडंट ताकद मोजायची ठरलेली चाचणी आहे, डीपीपीएच. त्या रसायनाचं मिथेनॉलमधलं द्रावण मीच करून देते. जांभळं, दौतीतल्या शाईसारखं. त्यात वनस्पतीचा अर्क टाकला की जांभळा रंग उतरत पिवळा होतो. किती उतरला ते यंत्रात ५१७ नॅनोमीटरवर मोजायचं. दुसरी एक चाचणी फोलिन-सिओकाल्टूची. तिच्यात निळा रंग चढतो आणि त्यावरून फिनॉल गटाची एकूण संयुगं किती ते काढतात. दोन्ही चाचण्या चांगल्या आहेत, शिकायला छान आहेत. पण इतक्या वर्षांत एकही पाला असा आला नाही की ज्याने तो जांभळा रंग उतरवला नाही. कुलेखाडा उतरवतो, आवळा उतरवतो, साधी चहापत्ती तर असा उतरवते की मुलं बघत राहतात. मुलांनी एकदा कांद्याची फोलपटं आणली होती, त्यांनीही उतरवला. बाटलीत रंग उतरला म्हणजे पोटात गेल्यावर काही होतंच असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची एक मोठी यादी चालवली होती, ‘ओरॅक’ नावाच्या मापाची. ती त्यांनी २०१२ मध्ये काढून टाकली, कारण हे आकडे आरोग्याशी जुळत नाहीत आणि विकणारे त्यांचा गैरवापर करतात. आपल्याकडची लेबलं अजून त्या यादीच्या जमान्यात आहेत.

आता खरी गोम. वनस्पतीला अँटिऑक्सिडंट गुण देणारी जी पॉलिफिनॉल संयुगं, त्यांतली बरीचशी लोहाला घट्ट धरून बसतात. बाटलीत ज्यांनी गुण मिळवले तीच आतड्यात लोहाला सोडत नाहीत. चहात ती भरपूर, म्हणून तर जेवणावर चहा नको म्हणतात. त्याने पालेभाजी-डाळींतल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही जास्त घटू शकतं. दुधातलं कॅल्शियमही आड येतं. म्हणजे ही डबी एका हाताने लोह देते आणि चहा-दुधात घ्यायला सांगून दुसऱ्या हाताने काढून घेते.

हे घरी बघायचं असेल तर बघा. लोहाची गोळी अर्धी कुटून कपभर पाण्यात तासभर ठेवली आणि वरचं पाणी निथळून घेतलं. बिनदुधाच्या कोऱ्या चहात त्यातलं चमचाभर टाकलं. चहा क्षणात काळाकुट्ट, टाकात भरून लिहावं असा. जुनी शाई अशीच व्हायची, हिरड्याचा किंवा माजूफळाचा काढा आणि हिराकस, म्हणजे लोहाचाच क्षार. मग तेच पाणी कुलेखाडा पावडरीच्या गाळलेल्या काढ्यात टाकलं. चहाइतका नाही, पण तोही काळवंडला. आमचे हे म्हणाले, ‘औषध पितेस की दौत भरतेस?’ तो कप कोणी पिऊ नये, बेसिनमध्ये ओतावा.

प्रयोगशाळेत काम करते म्हटल्यावर एवढ्यावर थांबणं शक्य नव्हतं. एका शनिवारी दुपारी, सरांना विचारून, दोन ग्रॅम पावडर सिलिकाच्या क्रुसिबलमध्ये घातली आणि भट्टीत ५५० अंशांवर जाळली. सेंद्रिय सगळं जातं, मागे खनिजांची राख राहते. राख करडी-पांढरी, बऱ्यापैकी निघाली. तारेवर घेऊन ज्योतीत धरली तर आधी सोडियमचा पिवळा. निळ्या कोबाल्ट काचेतून पाहिलं तेव्हा फिकट जांभळी झाक, म्हणजे पोटॅशियम. या झाडाच्या राखेपासून क्षार काढायची आयुर्वेदात रीत आहे, लघवी साफ होण्यासाठी त्याचा उपयोग सांगतात, तेव्हा हे अपेक्षितच होतं. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियम मोजून घ्यायला सांगितलेलं असतं. त्यांनी या डबीच्या वाटेला डॉक्टरांना न विचारता जाऊ नये. लेबलवर याचा एक शब्द नाही.)

मग राखेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, गाळणं, आणि गाळलेल्या पाण्यात दोन थेंब थायोसायनेट. लालभडक! थेट रक्ताचा रंग. लोह आहे याची ही खूण. आमचे शिपाईकाका बघत होते, ते म्हणाले, ‘मॅडम, झालं की तुमचं रक्त.’ मीही क्षणभर खूश झाले. पण गाळणीच्या कागदावर नजर गेली. तिथे आम्लात न विरघळलेला भाग उरला होता, आणि काचकांडीने तो कागदावर सरकवला तर करकर वाजला. वाळू आणि माती. माझ्या ढोबळ वजनात राखेचा चौथा हिस्सा तरी असेल.

मातीतही लोह असतं. पाला नीट न धुता वाळवून दळला, तर चाचणीत लोहाचा आकडा फुगतो, आणि ते बहुतेक मातीतलं लोह पोटातून जसंच्या तसं बाहेर जातं. त्या लाल रंगात झाडाचं किती आणि चिखलाचं किती हे माझ्या दोन थेंबांना कळत नव्हतं. मौचं ते चहासारखं गढूळ पहिलं पाणी आठवलं. डबीतल्या पाल्याला तीनदा कोणी धुतलं असेल?

कंपनीला मेल केला. लोह किती, आणि जड धातूंचा अहवाल आहे का? दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा. पाण्यात, दलदलीत वाढणारी झाडं पाण्यातलं बरं-वाईट सगळं ओढून घेतात, म्हणून तर सांडपाणी शुद्ध करायला ती लावतात. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ जमीन आहे, २००२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि तिथल्या मासेमारीच्या तळ्यांत शहराचं सांडपाणी सोडलेलं असतं. व्यवस्था मोठी हुशारीची, पण औषधाचा पाला कुठल्या तळ्याकाठचा हे विचारायलाच हवं. वनौषधींसाठी आपल्याकडे मर्यादा ठरलेल्या आहेत. दहा लाख भागांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. नऊ दिवसांनी उत्तर आलं, सोबत अहवालही. सगळे धातू मर्यादेत. मला फार बरं वाटलं, मग बॅच नंबर पाहिला. अहवाल दुसऱ्याच बॅचचा, माझ्या डबीच्या आधीच्या वर्षीचा. परत मेल केला, त्याला उत्तर नाही. लोहाबद्दल लिहिलं होतं, ‘नैसर्गिक घटक असल्याने प्रमाण बदलते.’ बदलणारच की! म्हणूनच तर मोजायचं असतं.

आता थोडा हिशेब, कागद-पेन्सिलीचा. सोबतच्या चमच्यात तीन ग्रॅम पावडर बसते, मी तराजूवर पाहिलं. १०० ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम लोह आहे असं आपण धरून चालू. म्हणजे चमच्याला दीड मिलिग्रॅम. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून जावं असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं मानक सांगतं. आपल्या शाकाहारी ताटातलं शंभरात आठ भाग लोह अंगी लागेल असं धरलं, तर चमच्यातून मिळालं ०.१२ मिलिग्रॅम. आता रक्ताकडे. माझ्या अंगात साडेतीन लिटर रक्त असेल. हिमोग्लोबिन एकाने, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात एक ग्रॅमने, वाढायचं तर ३५ ग्रॅम नवं हिमोग्लोबिन हवं, आणि दर ग्रॅमला सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह. झाले ११९ मिलिग्रॅम. भागा ०.१२ ने. जवळजवळ हजार दिवस! तेही या काळात अंगातून काहीच गेलं नाही तर. हजार दिवसांना, एका डबीत तेहेतीस चमचे या हिशेबाने, तीस डब्या. साडेदहा हजार रुपये.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, वर फोलिक आम्ल. दहावा हिस्सा लागला तरी सहा मिलिग्रॅम. शाळेतल्या मुलींना आठवड्याला मिळते ती निळी, आत माल तोच.

हा हिशेब मौला फोनवर ऐकवला तर ती चिडली. म्हणाली, ‘दीदी, आमच्या आज्या-पणज्या काय वेड्या होत्या?’ नव्हत्या. मी तिला एवढंच सांगितलं की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बंगालमधल्या ७१.४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, आपल्या महाराष्ट्रात ५४.२, देशात ५७. कुलेखाड्याच्या मुलखात ही गत. यावरून पाला निरुपयोगी ठरत नाही. ज्यांना निघाला त्या सगळ्यांच्या ताटात तो पडत असेल असं थोडंच आहे? पण रक्त कमी असण्याचं उत्तर एका जुडीत नाही, हे तिलाही शेवटी पटलं. आज्या-पणज्या मूठभर ताजा पाला घेत होत्या, वर्षानुवर्षं, भाताबरोबर, माशांबरोबर. चमचाभर भुकटी चहात ढवळत नव्हत्या.

माझा निकाल? दोन महिने रोज एक चमचा घेतला, शाईचा प्रयोग झाल्यावर चहा सोडून लिंबूपाण्यात. जानेवारीत हिमोग्लोबिन ९.०. कंपनीवर अन्याय नको म्हणून पुढचं सांगते. आमच्या डॉक्टरीणबाईंनी फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करायला लावलं, ते ८ निघालं, म्हणजे साठा तळाला. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. दर महिन्याला नळ उघडाच होता, तिथे चमच्याने पाणी भरून काय होणार? बाई म्हणाल्या, ‘अहो, वर्षभर दम लागतोय आणि तुम्ही पाला उकळताय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाठीवर उपचार आणि तीन महिने लोहाच्या गोळ्या. एप्रिलात ११.८. गोळ्यांनी पोट जड होतं, शौच काळी होते, तोंडाला गंजाची चव येते. या तक्रारी खऱ्या आहेत, पण तिसरा मजला एका दमात होतो. डबी विकणाऱ्यांबद्दल माझा खरा राग हा आहे, की लेबलवर ‘रक्तक्षयावर गुणकारी’ छापलंय आणि ‘आधी रक्त का कमी झालंय ते तपासा’ हे कुठेच नाही.

बियांचंही लिहून टाकते. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून तालीमखाना आणला, १०० ग्रॅम, ९० रुपये. साडेचार तारे. आधी ऑनलाइन शोधला होता, तर तिथे फोटोत पांढरे फुगलेले मखाणे. हिंदीत मखाण्यालाही ‘ताल मखाना’ म्हणतात, त्यातून हा घोळ. मखाणा वेगळा, ते एका कमळाच्या जातीतल्या झाडाचं बी. आपला तालीमखाना तिळाहून बारीक, चपटा, तपकिरी. ओळखायची खूण सोपी आहे, चार दाणे जिभेवर ठेवा. क्षणात भोवती चिकट बुळबुळ येते आणि दाणे टाळूला असे चिकटतात की बोलता येत नाही. दुकानदाराने मला हे समोर करून दाखवलं, स्वतःच्या जिभेवर, आणि मग दोन मिनिटं हातवारे करत दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलला. अर्धा तारा कापला तो काड्या फार होत्या म्हणून.

त्या बियांपैकी मूठभर लाडवांत गेलं. चिमूटभर जूनमध्ये फुटक्या बादलीत घातलं. तळाला चिखल, वर बोटभर पाणी, डासांसाठी दोन गप्पी मासे. मौच्या माशीकडची जुडी आणि आईच्या डब्यातलं बी एकच असेल, तर पाला घरी यायला हवा, एवढाच हिशेब. नऊ रोपं आली. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बादली दाखवली. मौने मोबाइल नाकाला लावून पाहिलं आणि ओरडली, ‘एटाई तो!’ हेच तर ते! मग लगेच म्हणाली, काटे कडक व्हायच्या आत खुड. मी खुडला, तीनदा धुतला, उकळला. गंधराज नव्हतं, कागदी लिंबू पिळलं. पहिलं पाणी या वेळी फारसं गढूळ नव्हतं. चहा तासाभराने घेतला.